माहितीचे मोल, लक्षाची टंचाई

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर वडकरा नावाचे गाव आहे. १४ जानेवारी १९९७ रोजी सकाळी तेथे तारलीने भरलेल्या होड्या घेऊन अकरा मच्छीमार किनाऱ्याला लागले, तेव्हा माल घेणारे कोणी उरलेच नव्हते. तारली हा नाशवंत माल. साठवून ठेवण्याची सोय नाही. दुसरा किनारा गाठावा तर इंधन जाळावे लागणार, आणि तेथेही हीच गत झाली तर काय, ही धास्ती. अखेर कष्टाने पकडलेली ती मासळी त्यांनी फेकून दिली. त्याच सुमारास पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर दुसऱ्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होती, आणि किलोमागे सुमारे दहा रुपये मोजावयास ती तयार होती!

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही हकीगत नोंदविली आहे. मासळी होती, गिऱ्हाईक होते, मध्ये डोंगर किंवा जकातीचा नाका नव्हता. उणीव होती ती केवळ एका बातमीची. माहिती ही हवेसारखी फुकट मिळणारी वस्तू नव्हे. तीही धान्य-कापडाप्रमाणे मोल देऊन मिळवावी लागते, ही गोष्ट या प्रसंगावरून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

सर्वज्ञ गिऱ्हाईक

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून एक अजब गृहस्थ आपल्याला भेटतात. बाजारातील प्रत्येक दुकानाचा भाव त्यांना ठाऊक असतो, प्रत्येक वस्तूचे गुणदोष त्यांच्या जिभेवर असतात, आणि हजार पर्यायांतून सर्वांत लाभदायक पर्याय ते निमिषार्धात निवडतात. असा मनुष्य आपल्या घरात, शेजारीपाजारी किंवा नात्यागोत्यात कोणी पाहिला आहे काय? आपल्यापैकी बहुतेकजण नेहमीच्याच वाण्याकडून किराणा आणतात, पूर्वी घेतलेलाच साबण पुन्हा घेतात आणि विमा उतरविताना छापील पत्रकाचे पहिले पानदेखील पुरते वाचीत नाहीत.

यावरून मनुष्य अविचारी ठरतो, असे मानण्याचे कारण नाही. माहिती मिळविण्यास जो खर्च येतो आणि ती समजून घेण्यास जे लक्ष लागते, ते हिशेबात धरले, तर आपल्या पुष्कळशा वागण्यात शहाणपणच दिसून येते. गेल्या सात दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

किती दुकाने हिंडावी?

या विषयाचा पाया घालणारा एक निबंध शिकागोचे प्राध्यापक जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली लिहिला. शिकागो शहरात एकाच प्रकारच्या शेवरोले मोटारीला वेगवेगळे विक्रेते वेगवेगळी किंमत सांगत. कोणाकडे ती २,४०० डॉलरांच्या आत मिळे, तर कोणी २,५०० च्याही वर मागे. वस्तू एक, शहर एक. मग किंमत एक का नाही? स्टिग्लरांचे उत्तर असे की, सर्वांत स्वस्त विक्रेता कोणता हे शोधण्यास वेळ आणि पैसा लागतो, आणि जोवर शोधास खर्च आहे तोवर किंमतींतील तफावत पूर्णपणे नाहीशी होणार नाही.

एका घरगुती उदाहरणाने हे पडताळून पाहू. समजा, एक प्रेशर कुकर घ्यावयाचा आहे. गावातील दुकानांत त्याची किंमत १,००० पासून २,००० रुपयांपर्यंत कोठलीही असू शकते, आणि या दोहोंमधील प्रत्येक किंमत सारखीच संभवनीय आहे. एकाच दुकानात जाऊन घेतला, तर सरासरीने १,५०० रुपये पडतील. दोन दुकाने पाहून त्यांतल्या स्वस्त ठिकाणी घेतला, तर सरासरी १,३३३ वर येते. तीन पाहिली तर १,२५०, चार पाहिली तर १,२०० आणि पाच पाहिली तर १,१६७ रुपये. म्हणजे दुसऱ्या दुकानाने १६७ रुपये वाचविले, तिसऱ्याने ८३, चौथ्याने ५० आणि पाचव्याने अवघे ३३. प्रत्येक पुढच्या पायपिटीचे फळ असे घटत जाते.

आता दर खेपेस बसभाडे आणि मोडलेला वेळ मिळून ४५ रुपये पडतात असे धरू. चौथे दुकान ५० रुपये मिळवून देते, म्हणून तेथवर जाणे फायद्याचे. पाचव्याला मात्र ३३ रुपयांसाठी ४५ रुपये मोडावे लागतात. “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला” असे आपण म्हणतो, ते याच व्यवहाराला उद्देशून. कुकरसाठी चार दुकाने हिंडणारी गृहिणी मिठाच्या पुडीसाठी पहिल्याच दुकानी थांबते, आणि लग्नाच्या शालूसाठी सारी पेठ पालथी घालते. या तिन्ही प्रसंगी ती एकच नियम पाळीत असते.

पुढील अर्थशास्त्रज्ञांनी या हिशेबात एक सुधारणा केली. किती दुकाने पाहावयाची हे आधी ठरविण्यापेक्षा कोणत्या किंमतीला थांबावयाचे हे आधी ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. वरील उदाहरणात ही थांबण्याची किंमत १,३०० रुपये निघते. कारण हातात १,३०० चा कुकर असताना पुढच्या दुकानी त्याहून स्वस्त मिळण्याचा संभव शंभरांत तीस, आणि मिळाला तर सरासरी लाभ १५० रुपयांचा. म्हणजे अपेक्षित लाभ ४५ रुपये, नेमका एका खेपेच्या खर्चाइतका. तेव्हा १,३०० किंवा त्याहून कमी किंमत दिसताच खरेदी करावी आणि घरचा रस्ता धरावा. चार दुकानांचा नियम पाळल्यास किंमत आणि हिंडण्याचा खर्च मिळून सरासरी १,३८० रुपये पडतात; या दुसऱ्या नियमाने १,३०० च पडतात, आणि पायपीटही सरासरीने साडेतीन दुकानांहून कमी होते.

“पुरेसे चांगले” म्हणजे काय?

स्टिग्लरांच्या आधीच दुसऱ्या एका विचारवंताने या प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला होता. हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) हे मूळचे राज्यकारभाराचे अभ्यासक. कार्यालयांतून आणि नगरपालिकांतून प्रत्यक्ष निर्णय कसे घेतले जातात हे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि त्यांच्या ध्यानी आले की, सर्वोत्तम पर्याय शोधण्याच्या भरीस कोणी पडतच नाही. मनुष्य आपल्या मनाशी एक पायरी ठरवितो, आणि त्या पायरीला उतरणारा पहिला पर्याय सापडताच शोध थांबवितो. घरासाठी जागा पाहताना “पाणी बारमाही, शाळा जवळ, भाडे आवाक्यात” एवढ्या तीन अटी पुऱ्या झाल्या की बहुतेक कुटुंबे बिऱ्हाड थाटतात. शहरातील प्रत्येक रिकामी खोली पाहून मग निर्णय घ्यावा म्हटले, तर जन्म धर्मशाळेत काढावा लागेल.

सायमन यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या विचाराला “मर्यादित विवेक” असे म्हणता येईल. स्टिग्लरांचे गिऱ्हाईक हिशेबात पक्के आहे, त्याला फक्त माहिती महाग पडते. सायमन यांच्या माणसाला हिशेब करणे हेही महाग पडते. त्याची बुद्धी, वेळ आणि स्मरणशक्ती या तिन्हींना सीमा आहे. १९७८ साली सायमन यांना आणि १९८२ साली स्टिग्लर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सायमन यांनी १९७१ साली आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. माहिती ही ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याचे लक्ष खाऊन टाकते. म्हणून जेथे माहितीची सुबत्ता, तेथे लक्षाची टंचाई ठरलेलीच. हातातल्या दूरध्वनीवर घटकेघटकेला संदेश येऊन पडण्याच्या आजच्या काळात या विधानाची सत्यता कोणाला पटवून द्यावी लागेल?

विवेकी दुर्लक्ष

लक्ष ही वस्तू मोजावयाची तरी कशी? याचे उत्तर क्रिस्टोफर सिम्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली अनपेक्षित ठिकाणाहून आणले. तारायंत्र-टेलिफोनच्या तारेतून ठराविक वेळात किती संदेश जाऊ शकतो, याचे गणित क्लॉड शॅनन या अभियंत्याने १९४८ साली बसविले होते. मनुष्याचे लक्ष हीदेखील अशीच एक ठराविक वहनशक्तीची तार आहे, असे सिम्स यांनी मानले. नळातून तासाला चार घागरी पाणी येत असेल, तर स्वयंपाकाला किती, धुण्याला किती आणि तुळशीला किती याची वाटणी करावीच लागते. तशीच वाटणी मन आपल्या लक्षाची करते. ज्या गोष्टीत चूक महाग पडेल तिला अधिक, आणि जिच्यात चुकल्याने फारसे बिघडत नाही तिला थोडे.

या उपपत्तीला “विवेकी दुर्लक्ष” असे नाव शोभेल. कांद्याचा भाव रोज पाहणारी गृहिणी हळदीचा भाव वर्षात दोनदाच का पाहते, किंवा बाजारात उलथापालथ झाली तरी काही व्यापारी आपले दर लगोलग का बदलीत नाहीत, याचा उलगडा तिने होऊ शकतो. ज्याकडे आपण दुर्लक्ष करतो ते सारे आळसापोटीच करतो असे नव्हे. दुर्लक्ष कशाकडे करावे हे कळणे हादेखील शहाणपणाचाच भाग आहे.

काखेत कळसा

परंतु दुर्लक्ष नेहमीच विवेकाचे असते काय? इंडोनेशियात बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर समुद्रशेवाळाची शेती होते. शेवाळाचे तुकडे दोरीला बांधून उथळ पाण्यात वाढवितात. दोन दोऱ्यांतील आणि दोन तुकड्यांतील अंतर किती ठेवावे, याची तेथील शेतकऱ्यांना चांगली जाण होती. तुकड्याचे आकारमान मात्र किती असावे, किंबहुना आपण केवढा तुकडा बांधतो, हेच बहुतेकांना सांगता आले नाही. वस्तुतः उत्पन्न त्यावरही अवलंबून होते.

रेमा हन्ना, सेंदिल मुलैनाथन आणि जोशुआ श्वार्ट्झस्टाइन यांनी २०१४ साली या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या पाण्यात वेगवेगळ्या आकारमानांची लागवड करून पाहण्यात आली. आश्चर्य असे की, प्रयोग डोळ्यांसमोर होऊनही शेतकऱ्यांनी आपली पद्धत बदलली नाही. जेव्हा कोणत्या आकारमानाने किती उत्पन्न दिले हे मांडून त्यांना दाखविले, तेव्हाच बदल झाला. माहिती त्यांच्या हातात वर्षानुवर्षे होती, फुकट होती. नजर तेवढी तिच्याकडे वळली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा!

दुसरा दाखला अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा. तेथे दुकानातील फळीवर करावेगळी किंमत लिहितात आणि विक्रीकर पैसे देताना मिळवितात. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एका दुकानात काही वस्तूंवर करासह किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, तेव्हा त्या वस्तूंचा खप सुमारे आठ टक्क्यांनी उतरला. कर आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक होते; विचारले असता ती बहुधा बरोबर सांगतही. पण तो डोळ्यांपुढे नव्हता. दृष्टीआड सृष्टी! आपल्या देशात पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, तिचे मोल या प्रयोगावरून कळून येते.

टंचाईचा दुहेरी भार

लक्ष सर्वांनाच मोजके असले, तरी त्यावरचा भार सर्वांना सारखा नसतो. तमिळनाडूतील चोपन्न खेड्यांतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ऊस वर्षातून एकदाच पैसा देतो. तोडणीपूर्वी हात आखडलेला, तोडणीनंतर खिसा खुळखुळणारा. दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची आणि एकाग्रतेची तीच सोपी कोडी घातली असता, तोडणीपूर्वी त्यांची उत्तरे लक्षणीय प्रमाणात कमी उतरली. माणूस तोच, बुद्धी तीच. मात्र सावकाराचा हप्ता, मुलाची फी आणि वाण्याची उधारी यांनी मनाचा मोठा भाग अडवून ठेवलेला. या निष्कर्षाविषयी तज्ज्ञांत पुढे चर्चा झाली, तरी त्यातील मूळ सूचना विचारात घेण्याजोगी आहे. ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याची चूक महाग. आणि नेमके त्याच्याच जवळ काळजीतून उरणारे लक्ष थोडे. अशा माणसापुढे दहा पानांचा अर्ज ठेवणे म्हणजे त्याच्याकडून एक न दिसणारा कर वसूल करण्यासारखेच नव्हे काय?

बातमी पोहोचली, पुढे काय?

केरळच्या किनाऱ्यावर पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९९७ ते २००० या काळात कोळिकोड, कण्णूर आणि कासरगोड या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने मोबाइल दूरध्वनीचे मनोरे उभे राहिले. समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत संभाषण होऊ लागले. मच्छीमार होडीतूनच चार किनाऱ्यांवरील भाव विचारू लागले आणि जेथे मागणी तेथे होडी वळवू लागले. पूर्वी पकडीपैकी पाच ते आठ टक्के मासळी वाया जात असे. ती नासाडी जवळजवळ थांबली. निरनिराळ्या किनाऱ्यांवरील भावांतली तफावत पुष्कळच कमी झाली. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला, आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त झाली. विकणारा आणि घेणारा या दोघांचेही एकाच वेळी भले झाले, कारण जे वाया जात होते ते वाचले.

यावरून कोणी असे म्हणेल की, भाव कळविले की काम झाले. पण महाराष्ट्रातील अनुभव अधिक सावध करणारा आहे. येथील शंभर गावांतील शेतकऱ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. निवडक शेतकऱ्यांना कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांचे बाजारभाव आणि हवामान मोबाइलवर संदेशाने कळविण्यात येत होते. काही शेतकऱ्यांनी बाजार बदलून पाहिला, काहींनी मालाची प्रतवारी सुधारली. परंतु सरासरीने पाहता, संदेश मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पदरी पडलेल्या भावात गणनीय फरक आढळला नाही.

होडी वळविणे सोपे; कांद्याने भरलेला टेम्पो वळविणे तितके सोपे नाही. भाडे ठरलेले असते, आडत्याशी जुने देणेघेणे असते, आणि एका गाडीचा माल घेऊन अनोळखी बाजार समितीत उभे राहणे हे धाडसच असते. माहितीचे मोल ती कानी पडण्यात नाही, तिच्या आधारे निर्णय बदलता येण्यात आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याला भावाचा संदेश म्हणजे केवळ बातमी.

अनेकांसाठी एकाने पाहावे

मालाची किंमत निदान विचारता येते. त्याचा कस विचारून कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, जेथे खोटा माल खऱ्यातून ओळखता येत नाही, तेथे गिऱ्हाईक दोहोंना सारखाच भाव देते, आणि मग चांगला माल आणणाराच बाजारातून उठून जातो. यावर उपाय एकच : जे प्रत्येकाने तपासणे अशक्य, ते सर्वांसाठी एकाने तपासावे आणि त्यावर शिक्का मारावा.

शेतमालासाठी १९३७ च्या कायद्याने आलेला ॲगमार्क, कारखानी वस्तूंवरील आय. एस. आय. चिन्ह, सोन्यावरील हॉलमार्क, विजेच्या उपकरणांवरील ताऱ्यांची चिठ्ठी, ही सर्व लक्षाची काटकसर करणारी साधने आहेत. प्रयोगशाळेतील तासन्‌तासांचे काम एका चिन्हात सामावते आणि आपण ते क्षणात वाचतो. अर्थात, शिक्क्यावरील विश्वास हीच त्याची सारी किंमत. तपासणी ढिली पडली की चिन्ह उरते आणि अर्थ जातो.

घरच्या हिशेबाला थोडी मदत

या सर्व विवेचनातून रोजच्या संसाराला उपयोगी पडेल असे काही निघते काय? निघते. पहिली गोष्ट, लक्ष हेही घरखर्चाच्या पैशासारखे वाटून द्यावयाचे असते. दोन रुपयांच्या कोथिंबिरीवर पाव तास घासाघीस करावयाची आणि वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदावर न वाचता सही ठोकावयाची, ही वाटणी उलटी झाली. जो निर्णय मोठा, दीर्घकाळ टिकणारा आणि फिरविता न येणारा, त्याला वेळेचा सिंहाचा वाटा मिळावा. दुसरी गोष्ट, शोधास निघण्यापूर्वीच आपली थांबण्याची पायरी ठरवावी. तसे केले म्हणजे दुकानदाराच्या गोड बोलण्यानेही ती घसरत नाही आणि हावेपोटी पायपीटही लांबत नाही.

तिसरी गोष्ट, सवयीने होणारी कामे वर्षातून एकदा तरी नव्या नजरेने पाहावी. समुद्रशेवाळाच्या शेतकऱ्याप्रमाणे आपणही रोज हातात असलेल्या एखाद्या गोष्टीकडे कधी पाहिलेलेच नसते. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, बी-बियाण्याचे माप यांची साधी नोंद लिहून समोर ठेवली, तर जे नजरेतून सुटले होते ते आपोआप दिसू लागते. आणि चौथी गोष्ट, माहिती वाटल्याने कमी होत नाही. एका बचत गटातील एकीने बँकेचे नियम नीट समजून घेतले, तर ते दहाजणींच्या कामी येतात. एका शेतकऱ्याने चार बाजारांचे भाव काढले, तर सारे गाव त्याचा लाभ घेऊ शकते, आणि एकत्र मिळून एक ट्रक भरला तर टेम्पो वळविण्याचे धाडसही वाटून घेता येते.

जे नियम करतात, अर्ज छापतात आणि सूचना काढतात, त्यांनीही हा हिशेब ध्यानी धरावा. नागरिकाला माहिती दिली एवढ्याने कर्तव्य संपत नाही. ती त्याच्या थकल्याभागल्या क्षणीही समजेल अशी, योग्य वेळी आणि थोडक्यात द्यावयास हवी. एका अधिकाऱ्याने अर्ध्या दिवसाच्या श्रमाने अर्जाची दोन पाने कमी केली, तर लाखो माणसांचे कित्येक तास वाचतात. राष्ट्राच्या संपत्तीची मोजदाद करताना आपण जमीन, पाणी आणि खनिजे मोजतो. त्या यादीत माणसांच्या लक्षाचीही नोंद झाली पाहिजे, कारण शेतातले पीक, किनाऱ्यावरची मासळी आणि घरातली शिल्लक, यांचे सोने होणार की माती, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.